मागचा गडी

१

रूना फक्त रविवारी झोपायची.

इतर दिवशी ती डोळे मिटायची, नाही असं नाही. पण ते मिटणं म्हणजे दाराआड उभं राहून बाहेरचा कानोसा घेण्यासारखं होतं. तिच्या आईनं, सुनिवानं, नुसता सुस्कारा सोडला तरी दार उघडायचं. सातवा महिना लागला तरी हेच. आरोग्यकेंद्रातली नर्स म्हणाली होती, "काही मुलं असतात अशी. ती झोपली की तूही झोपून घेत जा." सुनिवानं शहाण्यासारखी मान डोलावली आणि गाडीत येऊन स्टिअरिंगवर कपाळ टेकून एकटीच हसली. हसता हसता डोळा लागला. मागच्या सीटवरून रूनानं उठवलं.

रविवारी मात्र मीरेफॉसच्या करवतगिरणीवर, मागच्या भिंतीशी लावलेल्या बाबागाडीत, पोरगी अशी गाढ झोपायची की सुनिवाला त्याचीच धास्ती वाटायची. ती नाकाखाली बोट धरून श्वास बघायची. मग बोटामुळे जाग येईल म्हणून बोट काढून घ्यायची. मग शाळेत विज्ञान शिकवणाऱ्या बाईनं असं वागावं का, म्हणून स्वतःवरच वैतागायची.

गिरणी पाण्यावरची, फार जुनी. नदीचं पाणी लाकडी पाटातून चाकावर पडायचं, चाक फिरलं की आत माणसाहून उंच अशी एक चौकट खाली-वर व्हायची, चौकटीत उभी करवत, आणि ओंडका लादलेला गाडा करवतीच्या प्रत्येक घावाला केसभर पुढे सरकायचा. खर्रर्र... धप्. खर्रर्र... धप्. फळ्यांची गरज आता कुणालाच नव्हती. गावच्या इतिहास मंडळानं गिरणी उन्हाळ्यातल्या रविवारी लोकांना दाखवण्यापुरती चालू ठेवली होती. सुनिवाचा नवरा गाउते मंडळात होता. "माझी बायको रजेवरच आहे, ती सांगेल की माहिती," असं त्यानं बैठकीत परस्पर जाहीर करून टाकलं होतं. सासू, तोर्गुन, पुढच्या अंगणात वाफलच्या जाळीदार पोळ्या भाजायची. करवत चालवायला तारल्ड. त्यानं उभा जन्म बस चालवली होती आणि गिरणीलाही तो बसच समजायचा. पाटाचं दार उघडताना ओरडायचा, "धरून उभे राहा मंडळी! पुढचा थांबा मधे नाही!"

आणि रूना मागच्या भिंतीशी. तिथं सावली होती, माणसांची वर्दळ नव्हती, भिंतीपलीकडून करवतीचा ठेका यायचा. बाळानं उघड्यावर झोपायचं, हे सुनिवाला कधी कुणी शिकवलं नव्हतं; ती स्वतः अशीच बर्फात, रिमझिम पावसात झोपून मोठी झाली होती. कॅफेबाहेर, ग्रंथालयाबाहेर बाबागाड्या ओळीनं उभ्या असायच्या आणि आया आत कॉफी प्यायच्या. एखादं पोर कुरकुरलं तर येणारा-जाणारा दांडीला दोन झोके देऊन आपल्या वाटेनं जायचा. झोका कुणी दिला, हे कुणी विचारत बसत नसे.

२

जूनच्या अखेरीस एका रविवारी सुनिवा माहिती सांगून मागं आली, तेव्हा रूनाचं पांघरूण नीट खोचलेलं होतं.

तिनं स्वतः ते नुसतं अंगावर टाकलं होतं. रूना पाय झाडते, खोचलं की चिडते. आता ते दोन्ही बाजूंनी गादीखाली सरळ, ताणून दाबलेलं होतं. कडा अशी धारदार, जशी पेटीत ठेवायच्या कापडाची असते. घडीत लाकडाचा बारीक, ओलसर भुसा होता. रूना शांत झोपलेली.

"तोर्गुन, तू खोचलंस का हिला?"

"मी?" तोर्गुननं पिठाची पळी वर धरली. "माझे हात बघ की. मला इथून हलता येतं का? हे ओस्लोवाले वाफल खात नाहीत, गिळतात नुसते."

तारल्ड म्हणाला, "मी पोरांना हात लावत नाही. माझ्या स्वतःच्या तीन पोरांनासुद्धा त्यांची आई म्हणाली तेव्हाच लावला."

"अगं, आलं असेल कुणीतरी," गाउते म्हणाला. वाफलवरचं तपकिरी चीज त्याच्या हनुवटीला लागलं होतं. "एखादी आजी. बाळ उघडं दिसलं, खोचलं. तुला त्यात काय एवढं?"

त्यात एवढं काही नव्हतंच. सुनिवाला ते पटलं. खोचणाऱ्या त्या आजीला आपण आळशी आई वाटलो असू, एवढंच तिला लागलं. तिनं भुसा झटकला. बोटांना राळेचा वास राहिला. घरी आल्यावर साबणानं हात धुतले तरी तो गेला नाही.

३

पुढच्या आठवड्यापासून तिनं बाबागाडीत बाळाचा आवाज दुरून ऐकवणारा मॉनिटर ठेवायला सुरुवात केली. एक डबी रूनाच्या उशाशी, दुसरी आपल्या खिशात. खरं तर भिंतीपलीकडच्या बाळासाठी मॉनिटर म्हणजे अतीच होतं, आणि गाउतेनं ते बोलूनही दाखवलं. "पुढच्या वर्षी पाळणाघरात पाठवताना कॅमेरा लाव."

डबीतून करवत ऐकू यायची, कशी तर उशीत तोंड खुपसून बोलणाऱ्या माणसासारखी. तिच्याखाली रूनाचा श्वास. आणि ऐकत राहिलं की त्या दोन्हींच्या मधून एक तिसरा आवाज वेगळा काढता यायचा. श्श्... श्श्... बाळाला गप्प करताना माणूस काढतो तसा. करवत खाली येताना एक, वर जाताना एक.

करवतच ती. लाकूड कापताना हवा अशीच सुटते. मॉनिटर खालचे आवाज कापतो, उंच ठेवतो. उरतं ते श्श्. हे तिनं वर्गात फळ्यावर काढून दाखवलं असतं.

तारल्डनं कॉफीसाठी पाटाचं दार खाली सोडलं. चाक कण्हत कण्हत थांबलं. करवत थांबली. पक्षी ऐकू येऊ लागले. सगळे अंगणातल्या बाकावर येऊन बसले आणि सुनिवानं डबी टेबलावर ठेवली.

श्श्... श्श्...

"किती गोड," तोर्गुन म्हणाली. "घोरतेय बघ आजीसारखी."

"पाटात पाणी उरलेलं असतं ना," सुनिवा म्हणाली. कुणी काही विचारलं नव्हतं.

"असतं," तारल्ड म्हणाला आणि कॉफीत साखर ढवळत राहिला.

ती उठली. पळाली नाही, पळणं बरं दिसलं नसतं. कोपरा वळून मागं आली. बाबागाडी हळू झुलत होती, ब्रेक लावलेला असूनही, स्प्रिंगांवर, वर-खाली, आणि तिच्या डोळ्यांदेखत झुलायची थांबली. बाजूला गिरणीचं मागचं दार सताड उघडं होतं, जिथून कापलेल्या फळ्या बाहेर काढतात ते रुंद दार. आत अंधार, ताज्या भुशाचा वास. कुणी असलंच तर नुकतंच आत गेलं असणार.

"आभारी आहे हं!" ती दारातून म्हणाली. "खरंच, खूप मदत झाली!"

उत्तर आलं नाही. इथली माणसं तशीच. आभार मानले की लाजून खोलीच्या दुसऱ्या टोकाला निघून जातात.

४

जुलैत रूनानं घरी झोपणं पूर्णच सोडलं.

गाउतेनं शक्कल लढवली. गिरणीचा आवाज त्यानं फोनवर टिपून आणला आणि पाळण्याशी लावला. खर्रर्र... धप्. रूना ताबडतोब गप्प झाली. सुनिवा आणि गाउते श्वास रोखून दाराशी उभे. रूना डोळे उघडे ठेवून फोनकडे बघत होती, मग फोनच्या मागं, मग छताकडे. कुणाची तरी वाट बघावी तशी. बराच वेळ तिनं वाट बघितली. मग तिचा खालचा ओठ बाहेर आला आणि ती अशी रडली की गाउतेनं फोन बंद करून स्वतःच माफी मागितली. "चुकलं, बाई. चुकलं."

बुधवारी, गाउते कामावर गेल्यावर, सुनिवानं रूनाला गाडीत घातलं. आपण कुठं चाललोय हे तिनं स्वतःला सांगितलं नाही. किराणा दुकानापर्यंत, मग पुलापर्यंत, मग आलोच आहोत तर.

गिरणी बंद होती. पाटाचं दार खाली, चाक कोरडं, दाराला कुलूप. तिनं बाबागाडी मागच्या भिंतीशी लावली. रडून रडून लाल झालेली रूना भिंतीकडे तोंड करून गप्प झाली आणि बघता बघता झोपली.

सुनिवा पुढच्या अंगणात बाकावर जाऊन बसली. खिशातून डबी काढली.

श्श्... श्श्...

आता चाक फिरत नव्हतं. पाटात पाणी नव्हतं. येताना तिनं वाकून पाहिलं होतं, शेवाळसुद्धा वाळलं होतं. नदीचा आवाज असेल. पण नदीला ठेका नसतो. वारा? झाडं हलत नव्हती. सुनिवानं एकेक कारण काढलं, तपासलं, बाजूला ठेवलं. शेवटी एकच उरलं आणि ते तिनं उचललं नाही. उठायला हवं होतं. हे तिला कळत होतं; कुणी शेजारी बसून सांगावं इतकं स्पष्ट कळत होतं. पण ते श्श् चांगलं होतं. घाई नव्हती त्यात, वैताग नव्हता. कालच्या रात्री तिनं स्वतः काढलेल्या आवाजासारखं ते मुळीच नव्हतं.

तिनं डबीचा आवाज कमी केला आणि बाकावर आडवी झाली.

जाग आली तेव्हा ऊन समोरच्या डोंगरावर गेलं होतं. क्षणभर तिला हात हलवता येईनात. मग कळलं. तिचं लोकरीचं जाकीट, जे तिनं बाकाच्या पाठीवर टाकलं होतं, ते तिच्या अंगावर होतं, आणि दोन्ही बाजूंनी तिच्या अंगाखाली सरळ, ताणून, घट्ट खोचलेलं होतं.

घडीत भुसा होता.

५

गाउतेला तिनं एवढंच सांगितलं की दोघीही गिरणीवर झोपलो. तो इतका खूश झाला की पुढचं तिच्या तोंडून निघेना. निघालं असतं तर कसं? मला कुणीतरी पांघरूण घातलं. मग? मग काही नाही. छान झोप लागली. यावर माणसं फुलं पाठवतात, पोलीस बोलवत नाहीत.

तिनं ठरवलं, गिरणीवर जायचं नाही. पुढचे रविवार सर्दीच्या नावाखाली टाळलेही. पण हंगामाचा शेवटचा रविवार आला, वृद्धाश्रमाची अख्खी बस यायची होती, आणि गाउते काकुळतीला आला. "तासाभराचं काम. तारल्डला बोलायला लावलं तर तो त्यांना बसमार्ग समजावत बसेल." त्या आठवड्यात ती एकूण किती झोपली होती कोण जाणे; भांडायला लागते तेवढी ताकदही नव्हती.

"पण बाबागाडी पुढं राहील," ती म्हणाली. "तोर्गुनच्या डोळ्यांसमोर. मागं न्यायची नाही."

"राहील बाई. इथंच राहील, वाफलच्या धुरात."

आत म्हाताऱ्यांनी खुर्च्या धरल्या. तारल्डनं दार उघडलं, चाक फिरलं, जमीन पायाखाली थरथरू लागली. सुनिवा ओरडून बोलत होती, पाठ झालेलं. "या कामाला दोन गडी लागायचे. पुढचा गडी ओंडका चढवायचा, करवतीवर नजर ठेवायचा. मागचा गडी तिकडं, त्या टोकाला, हात पुढं करून उभा. फळी सुटत आली की तो खालून हात देतो. नुसती पडू दिली तर शेवटच्या वीतभर लाकडाला चीर जाते."

बाहेर रूना रडत होती. करवतीच्या आवाजातूनही ऐकू येत होतं, खिशातल्या डबीतून तर पोटात घुसत होतं.

पहिल्या रांगेतली एक बाई, काठीवर दोन्ही हात ठेवून बसलेली, म्हणाली, "माझे वडील मागचे गडी होते. दुसऱ्या गिरणीत. रात्री झोपेतसुद्धा हात असे पुढं करायचे. आता मागं कोण असतं?"

"आता कुणी नसतं. फळी पडते."

"पडत नाही," बाई म्हणाली. "ती रास बघ."

सुनिवानं पाहिलं. उन्हाळाभर कापलेल्या फळ्या मागच्या टोकाला रचलेल्या होत्या. प्रत्येक थरामध्ये वारा खेळावा म्हणून बारीक पट्ट्या, कडा एका रेषेत. टोकांना एकही चीर नव्हती. ती रास ती येईल त्या रविवारी पाहत होती. रास कशी असावी तशीच होती म्हणून नजर कधी तिथं अडली नव्हती.

ती तारल्डजवळ गेली. "फळ्या कोण रचतं?"

"काय?"

"फळ्या! मागच्या!"

"गाउते रचतो की! आल्या आल्या बघतो तर रचलेल्या. कामसू आहे तुझा नवरा, मी म्हणतच असतो!"

गाउते? गेल्या महिन्यात कंबर धरली म्हणून गाउतेनं खरेदीची पिशवी उचलली नव्हती. गाउते घरी कौतुकानं सांगायचा की तारल्ड या वयात एकटा फळ्या रचतो. मंडळाचं सगळंच काम श्रमदानातलं. झालेलं काम कुणी केलं हे विचारणं म्हणजे आपण ते केलं नाही हे कबूल करणं. म्हणून कुणी विचारलं नव्हतं.

खिशातलं रडणं थांबलं.

एकदम नाही. शेवटचा हुंदका अर्धा राहिला, जणू कुणी तोंडाशी वाकून आलं.

श्श्... श्श्...

सुनिवानं पुढच्या दारातून अंगणात पाहिलं. तोर्गुन वाफल उलटत होती. तिच्या शेजारी बाबागाडी नव्हती. सुनिवाला बघून तिनं पळीनंच गिरणीच्या मागच्या बाजूकडं खूण केली, हसून, आणि ओठांवर बोट ठेवलं. म्हणजे, बिचारी रडत होती, नेलं तिच्या जागेवर.

६

कोपऱ्यावरून वळून जायला वेळ लागला असता. आतून, गाड्याच्या कडेकडेनं, मागच्या दारापर्यंत जवळ होतं. कुणीतरी "अगं, अगं!" म्हणालं. ती करवतीला वळसा घालून ओंडक्याच्या बाजूनं चालू लागली. पळता येत नव्हतं. जमीन भुशानं निसरडी होती, आणि चौकट शेजारून वर जाताना तिच्या केसांना वारा लागत होता.

मागच्या दारातून उन्हाचा एक रुंद पट्टा आत पडला होता. करवतीखालून उडालेला भुसा त्यात तरंगत होता, दाट, सोनेरी, सावकाश खाली बसणारा. फळी संपत आली होती. करवतीचे शेवटचे घाव. खर्रर्र... धप्.

भुसा सगळीकडं खाली पडत होता. दोन जागी पडत नव्हता.

फळीच्या टोकाशी, सुनिवाच्या कमरेच्या उंचीवर, दोन ठिकाणी तो अधांतरी थांबला होता. दोन लांबट, अरुंद ओळी, एकमेकींपासून वीत-दीड वीत दूर, पुढं आलेल्या. हिवाळ्यात कुंपणाच्या आडव्या काठीवर बर्फ साचतो तसा भुसा त्यांच्यावर साचत होता. मनगटाच्या जागी ओळ बारीक होती. पुढं रुंद.

फळी सुटली. पडली नाही. तशीच आडवी राहिली, मग अलगद खाली गेली, आणि राशीवर टेकताना जो आवाज व्हायला हवा तोही झाला नाही.

मग त्या ओळी रिकाम्या झाल्या, आणि दाराकडं वळल्या. वळताना भुसा त्यांच्यावरून ओघळला. उन्हाच्या पट्ट्यापलीकडं, बाहेरच्या स्वच्छ हवेत, बघण्यासारखं काहीच उरलं नाही.

सुनिवा दारातून बाहेर पडली ती गुडघ्यांवर. बाबागाडी हाताच्या अंतरावर होती. पांघरूण या वेळी खोचलेलं नव्हतं. ते पूर्ण बाजूला केलेलं होतं, घडी घालून पायथ्याशी ठेवलेलं. रूना जागी होती. हसत होती. आईकडं बघून नव्हे. तिची नजर वर होती, तिथं जिथं एखाद्या उंच माणसाचा चेहरा असतो.

सुनिवानं दोन्ही हात तिच्या बगलेत घातले आणि ओढलं. हिसका दिला, खरं तर, कारण तिला वाटलं होतं की कुणीतरी ओढून धरेल.

कुणी धरलं नाही. रूना इतकी सहज वर आली की सुनिवा मागच्या मागं भिंतीवर आदळली.

पोर हलकी होती. हातात रिकामं जाकीट यावं तशी हलकी.

७

"तू दमलीस," गाउते गाडीत म्हणाला. "चूक माझी आहे. तुला आणायलाच नको होतं." तो बराच वेळ बोलत होता, चांगलं बोलत होता. सुनिवा मागच्या सीटवर रूनाला कवटाळून बसली होती. तिनं तिला सीटमध्ये बांधू दिलं नाही आणि त्यावर गाउतेनं वाद घातला नाही, गाडी मात्र बैलगाडीसारखी चालवली.

घरी पायऱ्या चढताना त्यानं रूनाला घेतलं आणि "बाप रे!" म्हणाला. "दगड झालीय ही. कसं उचलतेस गं तू?"

सुनिवानं परत घेतली. पिसासारखी.

दुसऱ्या दिवशी ती आरोग्यकेंद्रात गेली. नर्सनं रूनाला काट्यावर ठेवलं. वजन अगदी वयाला शोभेसं भरलं, उलट थोडं पुढंच. "मस्त चाललंय," नर्स म्हणाली. "आणि झोपेचं काय म्हणतेस?"

"झोपते," सुनिवा म्हणाली. "आता घरी झोपते."

ते खरं होतं. रूना आता रोज झोपायची, दुपारी, संध्याकाळी, कुठंही, कुणाच्याही आवाजात. तोर्गुन भेटेल त्याला सांगायची की गिरणीची हवा मानवली. गाउतेच्या डोळ्यांखालची काळी वर्तुळं गेली. सुनिवानं स्वतःला बजावलं, दमलेल्या बाईला वजनाचे भास होतात. तिनं एकदा पिठाची पिशवी एका हातात आणि रूनाला दुसऱ्या हातात धरून पाहिलं. पिठानं हाताला कळ लागली. रूनाला धरलेला हात दिवसभर तसाच ठेवता आला असता. मग एकदा सुपरमार्केटात रांगेत उभी असताना तिच्या लक्षात आलं, आपण रूनाच्या कमरेखाली फक्त दोन बोटं धरून उभ्या आहोत. आणि पोर सरळ, निवांत बसलेली आहे.

त्या दिवसापासून तिनं नीट लक्ष द्यायला सुरुवात केली. कळायला वेळ लागला नाही.

दुपारी ती रूनाला पाळण्यात ठेवायची, गादीवर टेकवायची, आणि हात काढून घ्यायची. रूना गादीवर असायची. पण गादी दबलेली नसायची. चादर तिच्याखाली सपाट, ताणलेली असायची, एखाद्या चित्रातल्यासारखी. सुनिवा श्वास रोखून बघायची. मग, थोड्या वेळानं, गादी खाली जायची. अलगद. आवाज न करता. कुणीतरी दुसऱ्या बाजूनं आपलेही हात काढून घेतल्यासारखी.

आधी ते लगेच व्हायचं. मग जरा वेळानं. ऑक्टोबर लागला तसा हा मधला वेळ वाढत गेला. काल दुपारी सुनिवा पाळण्याशी उभी होती, खिडकीतलं ऊन भिंतीच्या एका टोकाकडून दुसऱ्या टोकाला गेलं, बाहेर शाळा सुटून पोरं घरी गेली, रूना गाढ झोपेत मधेच हसली, तरी चादरीला सुरकुती पडली नाही. खोलीत राळेचा वास होता. शेवटी सुनिवानंच घाबरून तिला उचलून घेतलं.

आज तिनं रूनाला खाली ठेवलेलंच नाही. सकाळपासून घेऊन उभी आहे, स्वयंपाकघरात, भिंतीला पाठ लावून, दोन्ही हातांचा घट्ट विळखा घालून. गाउतेनं दोनदा मागितली, दोनदा नाही म्हणाली. हात जरासुद्धा दुखत नाहीत.